गोचिडाच्या फवारणीनंतर लेव्हामिसोल पाजलं, शेळीच्या तोंडाला फेस येतोय. मदत हवी आहे

जाणकार कुणी असेल तर लवकर सांगा. डॉक्टरांना फोन केलाय, पोचायला तासभर लागेल म्हणाले.

चार दिवसांपूर्वी सगळ्या शेळ्यांवर गोचिडांसाठी डायझिनॉन फवारलं होतं. आज जंताचं औषध पाजायला घेतलं. पहिलीला (३० किलोच्या आसपास, गाभण नाही) वजनावरून मोजूनच दिलं, तरी वीस मिनिटांत लाळ गळायला लागली. आता ओठ थरथरताहेत, दोनदा पातळ हगली. बाटलीवर ठळक अक्षरांत ऑक्सिक्लोझानाइड आहे. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लेव्हामिसोलही निघालं. बाकीच्या ११ जणींना अजून पाजलेलं नाही. फवारणीचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद १
दाट शक्यता आहे. बाकीच्यांना अजिबात पाजू नका.

डायझिनॉन हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक. नसांकडून स्नायूंना निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलिन शरीरात ज्याच्यामुळे मोडतं, ते विकरच हे औषध अडवतं. लेव्हामिसोल जंताच्या स्नायूंवर ॲसिटिलकोलिनचं सोंग घेऊन बसतं. जंत आखडतो आणि शेणावाटे पडतो. पण थोडा परिणाम जनावरावरही होतो, आणि मुळात या औषधात योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी. दोन्ही एका अंगात भेटली की लाळ, थरथर, जुलाब, आणि जास्त झालं तर श्वासाला त्रास. दोन्हींत १४ दिवसांचं अंतर ठेवा, असं लेव्हामिसोलच्या कित्येक माहितीपत्रकांत छापलेलं असतं. ते पत्रक आपण खोक्याबरोबर फेकतो, मीही फेकायचो.

शेळीला सावलीत ठेवा, धावपळ नको. दोन्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद २
गूळपाणी पाजा, उतार पडतो.

प्रतिसाद १
कृपा करून नको! लाळ गळत असताना पाजलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग विषबाधा राहिली बाजूला, न्यूमोनियाच निस्तरत बसाल.

धागाकर्ती
डॉक्टर येऊन गेले. ॲट्रोपिन टोचलं. लाळ आटली, पण थरथर त्याने जात नाही म्हणाले, ती दुपारपर्यंत होतीच. आता रवंथ करतेय. जीव भांड्यात पडला. उरलेल्यांना काय द्यावं? त्यांतल्या तीन नुकत्याच गाभण राहिल्यात.

प्रतिसाद १
फेनबेंडाझोलबद्दल विचारा. ते जंताच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनावर काम करतं, ॲसिटिलकोलिनच्या वाटेला जात नाही. अल्बेंडाझोल त्याच घराण्यातलं, पण नुकत्या गाभण शेळीला ते नको, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं. मोरँटेलही आत्ता टाळा, ते लेव्हामिसोलसारखंच वागतं. आणि यकृतकृमीसाठी ऑक्सिक्लोझानाइड हवंच असेल, तर लेव्हामिसोल नसलेलं मागा.

धागाकर्ती
विचारते. फवारणीची तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवलीय.