वाळवणं तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात?

परवा आई फोनवर म्हणाली, "यंदा कुरडया विकतच्याच आणल्या गं. गुडघे ऐकत नाहीत." पोटात तुटलं. एरवी तीन पिढ्या एकत्र गच्चीवर बसायच्या त्या याच कामासाठी. तुमच्याकडे वाळवणं कुणी शिकवली? कृतीसकट, प्रमाणासकट लिहा. आमच्याकडे कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

सोलापूर: कुरडयांसाठी आजी गहू तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायची. तो आंबूस वास आला की गल्लीला कळायचं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर ठेवायचा. पहाटे चारला ती मला उठवायची, निवळ ओतायला. पातेलं तिरपं करायचं आणि खालचा पांढरा थर हलायच्या आत थांबायचं. हे काम तिने दुसऱ्या कुणाला दिलं नाही, याचा मला अजून अभिमान आहे. चिकाइतकंच पाणी, त्यात मीठ-हिंग. ओलं बोट लावून चिकटलं नाही की शिजला. पहिली वाटी मला दूध-साखर घालून, आजोबांना कच्चं तेल घालून. आजी गेली त्या वर्षी डबा अर्धा शिल्लक होता. आईने तो दिवाळीपर्यंत उघडला नाही. पाडव्याला तळल्या, सगळ्यांना एकेक.

जळगाव: मी सांगलीची, बिबडे कधी पाहिलेही नव्हते. ज्वारीचं शिजवलेलं पीठ गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचं. माझे सगळे फाटले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पाण्यात हात बुडवून माझ्या हातावर ठेवला आणि तसाच थापत नेला. आता माझी सून शेजारी बसते.

रत्नागिरी: आमसुलं हे आजोबांचं काम. कोकमाची सालं मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा रसात. असं कितीतरी दिवस. शेवटी त्यांना दिसेनासं झालं, तरी वळवाचा वारा सुटला की पहिली हाक त्यांचीच, "पोरांनो, सुपं आत घ्या!"

दुबई: आई दोन महिने आली होती तेव्हा बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. ऊन हवं तेवढं, धूळही तेवढीच. वर जुनी सुती ओढणी ताणली. सहा वर्षांची लेक चमच्याने गोल घालायची, आई बोटाने कडा सारखी करायची. आता व्हिडिओ कॉलवर लेक आजीला डबा हलवून दाखवते, किती उरल्या ते.

सोलापूरकर, मीठ पाण्याला उकळी यायच्या आधी घालायचं की नंतर? आईंना विचारून सांगाल का? मी आज गहू भिजत घातलेत. शनिवारी आईला इकडे आणतेय. ती खुर्चीत बसून सांगेल, सोऱ्या मी फिरवेन.