मदत हवी आहे: सीपी असलेल्या लेकीचा खुबा सरकतोय, ऑपरेशन आत्ता करावं का?

नमस्कार मंडळी,

माझी लेक ५ वर्षांची आहे. सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही), दोन्ही पाय ताठ, हातांवरही थोडा परिणाम. आधार दिला की बसते, स्वतःहून उभी राहत नाही. जीएमएफसीएस लेव्हल ४ (मूल स्वतः किती हालचाल करू शकतं याची श्रेणी, १ सर्वांत सौम्य, ५ सर्वांत गंभीर). आम्ही परळला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही.

नुकत्याच काढलेल्या एक्स-रेत उजव्या खुब्याचं मायग्रेशन पर्सेंटेज ३८ आलं, डावीकडे २४. मागच्या वर्षी उजवीकडे २९ होतं. म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा तेवढा भाग वाटीच्या बाहेर. तिला कुठे दुखत नाही, म्हणून तर आकडा ऐकून धस्स झालं. डायपर बदलताना मांड्या फाकवायला जड जातात, एवढंच.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. या मुलांचा खुबा जन्मतः बहुधा ठीकच असतो. पण मांडीच्या आतले स्नायू सतत आत ओढतात आणि मूल वेळेवर उभं राहत-चालत नाही, त्यामुळे हाडाच्या मानेचा बाक कमी होत नाही, वाटी उथळ राहते आणि गोळा हळूहळू बाहेर येतो. सीपीच्या साधारण एक तृतीयांश मुलांत असं होतं. लेव्हल १ मध्ये जवळपास नाहीच, लेव्हल ५ मध्ये मात्र सुमारे ९० टक्के मुलांत. दुखेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. एक्स-रेशिवाय कळायला मार्ग नाही. फिजिओ छान चाललीय, म्हणजे खुबाही छान असेल, असं धरून चालू नका.

आता माझी अडचण. एक डॉक्टर म्हणतात, आत्ता फक्त स्नायू सैल करू, छोटं ऑपरेशन आहे. दुसरे म्हणतात, लेव्हल ४ मध्ये तेवढ्याने बऱ्याचदा भागत नाही, पुढे हाड कापून प्लेट बसवावी लागतेच, तर सहा महिन्यांनी एक्स-रे बघून एकदाच मोठं करू. दोघांचंही पटतं, त्यामुळे झोप लागत नाही.

ज्यांच्या मुलांचं यापैकी काही झालंय त्यांनी कृपया सांगा: नुसतं स्नायूंचं केल्यावर किती काळ टिकलं? मोठ्या ऑपरेशननंतर प्लास्टर होतं का, आणि प्लास्टरमधल्या मुलाला जिन्यावरून कसं नेलंत? शाळा किती बुडली? निरामयचं (नॅशनल ट्रस्टची अपंगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) १ लाखाचं कार्ड आहे, त्यातून कुणाला पैसे मिळालेत का?

प्रतिसाद १
ताई, आधी दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून बघायला सांगा. ओटीपोट तिरकं असेल किंवा गुडघ्याच्या वाट्या समोर नसतील तर आकडा फसवतो. पाच-सात टक्क्यांचा फरक नुसत्या मोजण्यातही येतो. तुमच्याकडे नऊने वाढलंय, म्हणून दुर्लक्ष नको, पण दोन्ही वेळा एकाच माणसाने मोजलेलं असावं. माझ्या मुलाचं हाडाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सहा आठवडे प्लास्टर होतं. काही सर्जन प्लास्टरऐवजी उशी किंवा ब्रेस देतात, तेही विचारा. जिन्यावरून आम्ही दोघं मिळून फळीवर आडवं न्यायचो, एकट्याने उचलायच्या फंदात पडू नका. सुरुवातीचे दिवस आकडीसारखे स्नायू आखडतात, त्याचं औषध घरी यायच्या आधीच लिहून घ्या. बसायची खुर्ची आणि स्प्लिंटसाठी हाजीअलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिनमध्ये जाऊन या.

धागाकर्ती
खूप आभार दादा. जुना एक्स-रे बघितला, त्यात उजवा गुडघा खरंच आत वळलेला आहे. दोन्ही घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जाते. फळी लाकडाची होती की स्ट्रेचर भाड्याने आणलंत? आमचा जिना अरुंद आहे, वळणावर अडेल अशी भीती वाटते. निरामयबद्दल कुणाला माहीत असेल तर तेही लिहा.