मॅचला आर्मी लावा म्हणताय, पण आमच्या घरी विचारलं का कोणी? (सोसायटी ग्रुप, ५ जून २०२५)

*सी-२०४ अमोल:* बेंगळुरूचे व्हिडिओ बघून काल रात्रभर झोप नाही लागली. ११ माणसं गेली हो चेंगराचेंगरीत, आरसीबीने आयपीएलचा कप जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, स्टेडियमच्या गेटवर. कॉलेजची पोरं होती त्यात. पोलिसांना जमत नसेल तर सरळ आर्मीकडे द्या ना हे सगळं, मॅच असो मिरवणूक असो. डिसिप्लिन काय असते ते तरी दिसेल लोकांना

*ए-३०१ पाटील:* अगदी बरोबर. आर्मी उभी असती तर एक माणूस भिंतीवर चढला नसता

*ए-३०४ देशमुख:* सहमत 👍

*सेक्रेटरी:* गेलेल्यांच्या घरच्यांचा विचार करवत नाही 🙏

*बी-३०२ जाधव वहिनी:* अमोल भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे माहितीये मला, राग नाही. पण "आर्मी लावा" हे वाक्य टीव्हीवर, ऑफिसात, लिफ्टमध्ये इतक्या वेळा ऐकते की आज लिहितेच. आर्मी म्हणजे कुठेतरी गोदामात भरून ठेवलेली माणसं नाहीत हो. आर्मी म्हणजे आमच्या घरातला माणूस. हे मे महिन्यात सुट्टीवर आले होते, आठ महिन्यांनी. सात तारखेला सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि दुपारी यांचा फोन वाजला. तेव्हा हे खाली पार्किंगमध्ये मुलीच्या सायकलची चेन बसवत होते, हात ग्रीसने काळे, फोन मी कानाला लावून धरला होता. "जी साहब, जी साहब" दोनदा म्हणाले आणि वर आले, अंघोळ केली, बॅग भरली. रिझर्व्हेशन कुठलं मिळतंय त्या दिवशी, जनरलच्या डब्यात उभे राहून गेले. सायकल अजून तशीच उलटी ठेवलीये, तुम्ही रोज बघता ती खांबाजवळ

आम्ही एक शब्द बोललो नाही. सासूबाईंनी ओवाळलं, मुलीने सॅल्यूट केला. कारण ते त्यांचं काम आहे आणि त्याच्यासाठीच लग्न केलंय मी फौजीशी. पण हाच रिकॉल जर कुठल्या तरी मॅचच्या गेटवर तिकिटं बघायला आला असता ना, तर मी गप्प बसले नसते, खरं सांगते

*सी-२०४ अमोल:* वहिनी सॉरी, ती सायकल तुमची आहे ते माहीत नव्हतं. मी तसं म्हणत नव्हतो, मी फक्त लोकांचा जीव वाचावा म्हणून म्हटलं

*बी-३०२ जाधव वहिनी:* सॉरी काय त्यात. तुम्ही बोललात म्हणून मला बोलता आलं

*ए-१०१ सुभेदार काका:* मी जरा सविस्तर लिहितो, टायपिंगला वेळ लागला. पहिली गोष्ट, टीव्हीवर कॅमोफ्लाज घातलेला प्रत्येक माणूस आर्मीचा नसतो. सीआरपीएफ, सीआयएसएफ ही केंद्राची पोलीस दलं, आपली इथली रामटेकडीची एसआरपीएफ म्हणजे राज्य राखीव पोलीस, हे सगळे वेगळे आणि गर्दी सांभाळायचं ट्रेनिंग त्यांना असतं. आर्मीला शत्रू थांबवायचं ट्रेनिंग असतं. गर्दी म्हणजे शत्रू नव्हे, त्यात आपलीच पोरं असतात. म्हणून सिव्हिल अथॉरिटीने मागणी केली तरच आणि बाकी सगळे उपाय संपले तरच आर्मी उतरते, तसा कायदाच आहे. आणि आर्मी उतरली तरी गेट एकच उघडं असेल आणि बाहेर लाखो माणूस असेल तर जवान काय जादू करणार? आत सोडणार किती, बाहेर काढणार कुठून, हे आदल्या दिवशी कागदावर ठरतं. तिथे चुकलं की मग गेटवर कोणाची वर्दी आहे याने फरक पडत नाही

दुसरी गोष्ट. खेळाच्या कामाला फौज वापरलीच नाही असंही नाही. २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थच्या तोंडावर नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल पडला, उद्घाटनाला दोन आठवडेसुद्धा नव्हते. मग आर्मीच्या इंजिनिअर्सना बोलावलं आणि त्यांनी चार-पाच दिवसांत बेली ब्रिज, म्हणजे सुटे भाग जोडून उभा करायचा लोखंडी पूल, टाकून दिला. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअर्सचाच, खडकीचा, त्या पुलावर मी नव्हतो पण आमच्या सगळ्यांची छाती फुगली होती. तरी आमच्या मेसमध्ये तेव्हा एकच चर्चा, ज्याने पैसे घेऊन पडका पूल बांधला त्याचं काय? नंतर मुंबईत एल्फिन्स्टन स्टेशनला तेच. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये चेंगराचेंगरीत २३ लोक गेले आणि पूल बांधायला पुन्हा आर्मी, फेब्रुवारीत बांधून दिलासुद्धा. काम केल्याचं दुःख कुठल्याही सॅपरला नाही. दुःख याचं की दुसऱ्याने निस्तरायचं ते दरवेळी आमच्या पोरांच्या पाठीवर

*ए-३०१ पाटील:* काका हे आर्मी आणि सीआरपीएफचं मला खरंच माहीत नव्हतं

*डी-१०३ कुलकर्णी काकू:* मी बोलू का यावर, कारण हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. २०१२ ला मी मुलीकडे लंडनला होते, ऑलिम्पिकच्या वेळी, ती तेव्हा लेटनला राहायची, स्टेडियमपासून जवळच. सुरक्षेचं कंत्राट जीफोरएस नावाच्या खासगी कंपनीला होतं, २८ कोटी पौंडांच्या वर रक्कम आणि दहा हजारांच्या वर गार्ड त्यांनी पुरवायचे. उद्घाटनाला दोन आठवडे राहिले आणि कळलं की गार्ड पुरेसे नाहीतच. मग काय, ३५०० सैनिक आणखी बोलवा. मग आणखी १२००. शेवटी सगळे मिळून १८ हजारांवर गेले. त्या कंपनीच्या साहेबांना पार्लमेंटच्या कमिटीपुढे बसवून झाडलं, मी टीव्हीवर पाहिलं ते

पण माझ्या लक्षात काय राहिलं सांगते. मुलीच्या ऑफिसात एक बाई होती, तिचा नवरा आर्मीत, अफगाणिस्तानातून नुकताच परत आलेला. त्यांनी समुद्रकाठी एक घर भाड्याने घेतलं होतं आठवडाभर, दोन लहान मुलं. सुट्टी रद्द. ती बाई मुलीला म्हणाली की तिकडे हेल्मंडला लढाईवर गेला तेव्हा मी रडले नाही, पण लोकांच्या पिशव्या तपासायला गेला तेव्हा रडू आलं. सरकारने सांगितलं होतं की कोणाचं नुकसान होणार नाही, सुट्टी नंतर देऊ. पण मुलांच्या शाळेची सुट्टी नंतर कशी देणार? आणि त्याच महिन्यात आर्मीतली वीस हजार माणसं कमी करायचा प्लॅन जाहीर झालेला. म्हणजे एका हाताने घरी पाठवणार आणि दुसऱ्या हाताने गेटवर बोलावणार. अडीच हजार जणांना तर थेम्सकाठच्या एका जुन्या गोदामात कॅम्प कॉटवर झोपवलं होतं

*ए-३०४ देशमुख:* बापरे, हे वाचलंच नव्हतं कधी

*डी-१०३ कुलकर्णी काकू:* अजून ऐका, आपण सोसायटीवाले म्हणून. शेजारच्या लेटनस्टोनला फ्रेड विग टॉवर म्हणून एक उंच बिल्डिंग आहे, त्याच्या गच्चीवर मिसाईल बसवली. खरी मिसाईल, विमान पाडायची. रहिवासी कोर्टात गेले, की आमच्या डोक्यावर हे नको, आणि हरले. आपल्याकडे गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवायचा होता तेव्हा किती मीटिंगा झाल्या आठवतंय ना

*सेक्रेटरी:* आठवतंय काकू, सात मीटिंग

*सी-२०४ अमोल:* पण काकू, शेवटी ऑलिम्पिक नीट पार पडलं ना? म्हणजे आर्मीने करून दाखवलंच

*डी-१०३ कुलकर्णी काकू:* हो रे, फार छान केलं. मी स्वतः गेटवर होते. माझ्या पर्समध्ये थालीपीठाचा डबा आणि पाण्याची भरलेली बाटली. तपासणारा जवान विशीतला असेल, नाक उन्हाने सोलवटलेलं. बाटली रिकामी करायला लावली, आत भरून घ्या म्हणाला, डबा उघडून बघितला, वास घेतला आणि झाकण अगदी नीट दाबून लावून परत दिला. आणि मागून एक आजी येत होत्या त्यांना हात धरून उतारावरून खाली नेलं. लोक त्यांना टाळ्या वाजवत होते. ते पाहून मला भरून आलं आणि त्याच वेळी ती बाई आठवली. दोन्ही खरं आहे अमोल

*ई-१०२ शिंदे (आजीचा व्हॉइस मेसेज, नातू टाइप करतोय):* आजी म्हणतीये की तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं बरोबर असंल. पर माझा धाकला आता काश्मिरात वरच्या अंगाला हाय. मे महिन्यात चार दिवस फोन नव्हता, मी चार दिवस भाकरी तोडली नाही. मला कुणी इचारलं की तुझ्या लेकाला सीमेवर ठेवू का मॅचच्या दारात, तर मी म्हनन दारात. तिथं निदान गोळी तरी न्हाई. टीव्हीत दिसला तर बघीन तरी

*बी-३०२ जाधव वहिनी:* आजी... यावर मी काय बोलू. तुमचं शंभर टक्के खरं आहे. ते चार दिवस मीही फोन हातात धरूनच झोपत होते

*ए-१०१ सुभेदार काका:* आक्का, तुमच्यापुढे आमचे सगळे नियम गप्प. माझी आई १९९९ ला कारगिलच्या वेळी हेच म्हणायची

*डी-४०१ रेखाताई:* मी एवढा वेळ नुसतं वाचत होते. आमचे हे एसआरपीएफला, काकांनी रामटेकडी म्हटलं तेच. आम्ही आर्मी नाही, पण मॅच, गणपती, निवडणूक, पालखी, दंगल, सगळीकडे हेच असतात. २०१८ ला चेन्नईच्या मॅच कावेरीच्या आंदोलनामुळे आपल्या पुण्याच्या गहुंजे स्टेडियमला आल्या तेव्हा मुलगा रोज विचारायचा, पप्पा धोनीला बघितलं का? बंदोबस्तवाल्याचं तोंड प्रेक्षकांकडे असतं आणि पाठ मैदानाकडे, त्यांनी एक बॉल बघितला नाही. सिक्स गेला हे लोकांच्या तोंडावरून कळायचं म्हणाले. आमच्या घरात गणपती विसर्जन म्हणजे मी आणि मुलगाच, १४ वर्षं झाली

आणि वर कोणी "पोलिसांना जमत नाही" लिहिलं ते वाचून वाईट वाटलं. बेंगळुरूत रात्री दोन-तीन वाजेपर्यंत रस्त्यावर जल्लोष सांभाळलेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी केली होती. माणूस आहे ना तो पण. आणि मॅचच्या बंदोबस्ताचे जे पैसे भरायचे असतात ते आयपीएलसारख्या इतक्या श्रीमंत स्पर्धेला आपल्या सरकारने २०२३ ला कमी करून दिले, तेही मागे २०११ पासून, त्यावर हायकोर्टात याचिकासुद्धा झाली. तो पैसा भरला तर पाण्याची, जेवणाची सोय तरी होईल. लेडीज कॉन्स्टेबलना बारा-बारा तास टॉयलेट नसतं, त्या पाणीच पीत नाहीत ड्यूटीला, हे कोणी बघतं का

*सी-२०४ अमोल:* रेखाताई ते मीच लिहिलं होतं. मागे घेतो. खरंच

*ए-१०१ सुभेदार काका:* रेखा, बरोबर बोललीस. २००९ ला लोकसभा आणि आयपीएल एकाच वेळी आली तेव्हा होम मिनिस्ट्रीने स्पष्ट सांगितलं होतं की दोन्हीला पुरेल एवढी फोर्स नाही, आणि अख्खी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेला गेली. काही आकाश कोसळलं नाही. आता मे महिन्यातही धरमशालेची मॅच अर्धी थांबवली, आठवडाभर स्पर्धा बंद ठेवली. म्हणजे नाही म्हणता येतं

आणि फौजेचं खेळाशी वैर नाही बरं का. नीरज चोप्रा आमचा, बीडचा धावपटू अविनाश साबळे महार रेजिमेंटचा, सियाचीनला राहून आलेला. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या खाऊन १९७२ ला पॅरालिम्पिकचं पोहण्याचं गोल्ड घेऊन आले, ईएमईचे म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेचे जवान. फौजी मैदानात असावा, तो असा

*ए-३०१ पाटील:* मग वहिनी तुमचं म्हणणं काय, आर्मीला अजिबात बोलवू नये?

*बी-३०२ जाधव वहिनी:* तसं नाही पाटील भाऊ. उद्या आपल्याकडे ऑलिम्पिक आलं आणि खरोखर धोका असेल, ड्रोन, बॉम्ब, म्युनिकला १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंवर हल्ला झाला तसलं काही, तर आर्मी पाहिजेच, आणि हे गेले तर मी अभिमानाने सांगेन. मी भांडतेय ते वेगळ्या गोष्टीसाठी. कंत्राटदाराने माणसं भरली नाहीत, आयोजकांनी पैसे वाचवले, गेट उघडायचं कोणाला सुचलं नाही, आणि मग शेवटच्या आठवड्यात "आर्मी आहेच की", असं नको. आमची माणसं मागितली की मिळतात, नाही म्हणत नाहीत, म्हणून ती फुकट आहेत असं नाही. कागदावर वर्षाला ६० दिवस ॲन्युअल आणि ३० कॅज्युअल सुट्टी असते, पण ती सलग कधी मिळते, मुलांच्या सुट्टीत मिळते का, ते फौजीच्या बायकोला विचारा. बोलवायचंच असेल तर सहा महिने आधी सांगा, झोपायची धड जागा द्या, आणि जी सुट्टी घेतली ती मे महिन्यातली असेल तर पुढच्या मे महिन्यात द्या, नोव्हेंबरमध्ये नको

आणि परवा फायनलला अहमदाबादला सेनेसाठी गाणी, तिरंगी लाईट सगळं झालं. आम्ही बघितलं, सासूबाई उभ्या राहिल्या टीव्हीसमोर, छान वाटलं. त्याच्याबरोबर सुट्टीचं, घरच्यांचं पण कोणी बोललं असतं तर अजून बरं वाटलं असतं

*ई-१०२ शिंदे (आजी):* पोरी, बोललीस ती बेस बोललीस. जेवलीस का

*बी-३०२ जाधव वहिनी:* जेवले आजी. उद्या येते तुमच्याकडे

*सी-२०४ अमोल:* वहिनी, सायकलची चेन मी उद्या बसवून देऊ का? ऑफिसला दुपारनंतर जायचंय

*बी-३०२ जाधव वहिनी:* नको भाऊ, मुलगी हात लावू देत नाही. पप्पा आले की करतील म्हणते. थँक्यू पण

*डी-१०३ कुलकर्णी काकू:* रेखा, पालख्या आपल्या हडपसर रोडवरून जातील त्या दिवशी तुझ्या यांची ड्यूटी कुठे आहे?

*डी-४०१ रेखाताई:* अजून लागली नाही काकू, पण दरवर्षी याच पट्ट्यात असते. पहाटे तीनपासून उभे असतात

*डी-१०३ कुलकर्णी काकू:* मग सेक्रेटरी साहेब, त्या दिवशी क्लब हाऊसचं टॉयलेट बंदोबस्तवाल्यांसाठी उघडं ठेवायचं का? विशेषतः लेडीजसाठी. चहाचं मी बघते, वारकऱ्यांबरोबर त्यांनाही

*सेक्रेटरी:* ठेवू. पहाटे अडीचला वॉचमनला चावी देतो. गेटवर कागद लावावा लागेल, नाहीतर त्यांना कळणार कसं. अमोल, लिहून प्रिंट काढशील? मोठ्या अक्षरात

*सी-२०४ अमोल:* हो काढतो. मी स्वतः उभा राहतो अडीचला