जलोडी खिंडीजवळचं सूचिपर्णी झाड ओळखायला मदत हवी आहे (तोश की रखाळ?)

हिमाचलात जलोडी खिंडीतून सेरोलसर तळ्याकडे जाणारी पायवाट इथल्या बऱ्याच जणांनी केली असेल. उंची साधारण ३१०० मीटर, दुतर्फा खरसू ओक आणि उंचच उंच तोश, म्हणजे हिमालयातला फर. देवदार आणि कैल (इथला एक पाइन) मला ओळखता येतात, कैलच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात असतात एवढं तरी पाठ आहे. अडलंय ते तोशांच्या सावलीतल्या एका बुटक्या झाडापाशी.

खोड चांगलं जाड, पण उंची फार तर दोन पुरुष. साल तांबूस तपकिरी, पातळ पट्ट्यांनी सुटणारी. पानं चपटी, बोटाच्या पेराएवढी, डहाळीच्या दोन बाजूंना कंगव्याच्या दातांसारखी. वरून काळपट हिरवी, खालून फिकट पिवळसर. टोक निमुळतं, पण हाताला टोचत नाही. चुरगळून पाहिलं, राळेचा वास अजिबात नाही. ऑक्टोबर सुरू होता, तरी शंकू नाही की फळ नाही.

माझा अंदाज रखाळ, म्हणजे हिमालयातला यू. तोशाच्या पानाखाली पांढरट पट्टे असतात, टोकाला खाच असते, ते इथे दिसलं नाही. सोबतचा मित्र मात्र अडून बसलाय: रखाळ असेल तर लाल फळं कुठायत? यूची नर-मादी झाडं वेगळी असतात हे सांगून झालं, पटत नाही. त्याच्या मते हा खुरटलेला तोशच.

नुसती हौस असती तर सोडून दिलं असतं. पण गटातल्या एका काकांनी 'हेच तालीसपत्र' (आयुर्वेदातलं खोकल्याचं औषध) म्हणत मूठभर डहाळ्या पिशवीत भरल्या. खोकल्यावर घरीच चूर्ण करायचा बेत आहे. तालीसपत्र म्हणून तोशाच्या जातभाईंची पानं विकतात तशी यूचीही विकतात, आणि यूच्या पानांतलं टॅक्सीन हे विष थेट हृदयावर घाला घालतं. शिवाय हे झाड आधीच दुर्मिळ झालेलं, ते ओरबाडणं वेगळंच. पिशवी सध्या माझ्याकडे आहे आणि काका रुसलेत.

तर जाणकारांनो, वाळलेल्या डहाळीवरून खात्रीने सांगता येईल अशी खूण कोणती? पान गळल्यावर तोशाच्या डहाळीवर गोल, सपाट वण राहतो असं वाचलंय. यूच्या डहाळीवर नेमकं काय दिसतं? भिंग आहे, डहाळ्या समोर आहेत, सांगाल ते तपासतो.