मलेशियातलं पिनांग की व्हिएतनाममधलं दानांग? तुम्ही काय निवडलंत?

तिरफळ
काल बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून टाकली आणि त्या वासासरशी एकदम पिनांग आठवलं. तिथे तिरफळ नसतं हो, पण आसाम लाक्सा असतो. 'आसाम' म्हणजे तिकडे आंबट. आपलाच बांगडा शिजवून कुस्करलेला, चिंचेचं पाणी, तांदळाच्या जाड शेवया, वर काकडी, अननस, पुदिना आणि आल्याच्या जातीच्या एका गुलाबी फुलाचा चिरलेला कळा. शेजारी चमच्यात काळी, डांबरासारखी कोळंबीची चटणी. पहिल्या घोटाला नवरा म्हणाला, "हे तर आईचं सार, कोणीतरी त्यात शेवया पाडल्यात!"

जायच्या आधी दोन महिने आमची भांडणं. त्याला दानांगचा समुद्र हवा, मला पिनांगचं खाणं. मी जिंकले, आणि पिनांगमधल्या जॉर्जटाउन शहराच्या धक्क्यावर उभं राहून "डुंबायचं कुठे?" हे चार दिवस ऐकलं. पोहायला बातु फेरिंगीपर्यंत जावं लागतं, आणि तिथलं पाणीही गढूळच.

तुम्ही काय निवडलंत? पस्तावलात का?

चिंचगूळ
दानांग!! बान्ह सेओ खाल्लंत का कोणी? तांदळाच्या पिठात हळद घालून केलेलं घावनच, आत कोळंबी आणि मोड. तव्यावर जो चर्र आवाज होतो त्यावरून नाव पडलंय. ते नुसतं खायचं नसतं. तांदळाच्या कागदासारख्या पापडात ढीगभर पाल्यासकट गुंडाळायचं. माझं तीनदा फुटलं. गाडीवरच्या मावशींनी हातावर चापटी मारली, स्वतः गुंडाळलं आणि सरळ तोंडात कोंबलं. बाकीचं नंतर, कुकर झाला

मी_शाकाहारी
आमच्यासारख्यांनी कुठे जायचं ते पण सांगा.

वरणभात
@मी_शाकाहारी दानांग. 'चाय' लिहिलेली पाटी शोधायची, म्हणजे शाकाहारी. आमचे हे पहिल्या दिवशी पाटी वाचून खुशीत आत शिरले, चहा मागितला, समोर आलं टोफू. 😂 तिकडच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक चायच खातात, तेव्हा गाड्यांवरही मिळतं. पण नुसतं 'भाज्या घाला' म्हणू नका, फिश सॉस पडतोच.

मी_शाकाहारी
म्हणजे अमावस्या-पौर्णिमा बघून तिकीट काढायचं 🙏

गोठलेली_कोळंबी
फिश सॉसवरून आठवलं. नाम ओ म्हणून दानांगला लागून गाव आहे, तिथला सॉस नावाजलेला. मांदेळीसारखी बारकी मासळी मिठात महिनोन्महिने मुरवतात. हौसेने दोन बाटल्या घेतल्या, एक बॅगेत फुटली. घरी बॅग उघडली तर सासूबाई देवघराचं दार लावून बसल्या. ती बॅग अजून गॅलरीत आहे. कोणाला हवी?

ठाण्याचा_बाप्या
तारखा बघा रे आधी! दानांगला ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे धो धो. आम्ही दिवाळीची सुट्टी म्हणून गेलो आणि जवळच्या होई आन गावाच्या गल्लीत गुडघाभर पाणी. बायको म्हणाली, यासाठी पासपोर्ट काढला? मुंबईचा तुंबणारा मिलन सबवे होता की. पिनांगलाही तेव्हा पाऊस असतो, पण आमचा तरी येऊन जायचा. फेब्रुवारी ते मे दानांग झकास. मि खेचा किनारा घराबाहेर पडलं की समोर.

आजोबा_६७
नासी कंदार खाल्ला का कुणी? नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे खांद्यावरची काठी. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी दोन टोकांना टोपल्या लावून भात-कालवण विकत फिरत. आपली कावडच. आता दुकानं झाली. भातावर चार-पाच कालवणांचे रस एकत्र ओततात, त्याला 'बांजिर' म्हणजे पूर म्हणतात. आमच्या सौ.ना ते बघवेना. मी दोनदा घेतला. साखर आहे मला, सांगू नका तिला, तीही इथे वाचते.

सौ_आजोबा
वाचलं.

चिंचगूळ
🤣🤣🤣

मालवणी_मुलगी
पिनांगला पुतु मायाम मिळतं, म्हणजे आपले तांदळाच्या शेवयांचे शिरवाळेच, फक्त नारळाच्या रसाऐवजी खोबरं आणि लाल साखर भुरभुरवलेली. सकाळी गाडीवर बघून रडूच आलं. आजी गेल्यानंतर घरी शिरवाळे पिळायचा शेवगा उतरवलाच नाही कोणी. त्या काकांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं तिखट लागलं. गोड होतं ते.

तिरफळ
@मालवणी_मुलगी ये इकडे, मी करते शिरवाळे. पिळायला मात्र तू.

नवीन_सून
ताई, तिरफळं कुठे मिळतात पुण्यात? आणि बी काढायची ना?

तिरफळ
हो, काळी बी काढून टाकायची, सालच वापरायची. आणि वाटायचं नाही बरं का, नुसतं ठेचून शेवटी. कोकणी मालाच्या दुकानात विचार. यंदाची असतील तर डबा उघडताच कळतं.

ठाण्याचा_बाप्या
धागा कशाचा, चाललंय काय 😄

चिंचगूळ
आले. कुठे होते मी? हं, दानांगचा ड्रॅगनचा पूल. शनिवार-रविवारी रात्री नऊला तो आधी आग ओकतो, मग पाणी. आगीपर्यंत सगळे पुढे पुढे सरकतात. आम्हीही सरकलो. फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात होता.