सिएटल: जातीवरून त्रास होत असेल तर शहराच्या कार्यालयात तक्रार करावी का?

तळ्याकाठची
जय भीम. दोन वर्षं झाली, इथे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यामुळे माझा टीम लीड (तोही मराठीच) बरेच दिवस चाचपडत होता. आधी "मूळ गाव कुठलं?", मग "तुमच्यात गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या?" मी विषय बदलायचे. १४ एप्रिलला घरून व्हिडिओ कॉलवर होते, मागे बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो. तो बोलता बोलता थांबला, एवढंच. पुढच्या आठवड्यापासून रिव्ह्यू मीटिंगची निमंत्रणं बंद. आणि एकदा जेवताना, बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत: "कोट्यातून आलेल्यांना इथे जड जातं." मी डब्याला झाकण लावलं आणि उठले. भाजी तशीच होती.

शहराने जातिभेदावर बंदी घातलीय हे माहीत आहे. पण माझ्यासारखीला तिचा खरंच उपयोग होतो का? एच-वन-बी व्हिसावर (कंपनीच्या नोकरीवर टिकणारा) आहे, भीती वाटते.

जुनी_सिएटलकर
ताई, होतो. २१ फेब्रुवारी २०२३ ला तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी मांडलेला कायदा नगर परिषदेत ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं शहर. वंश, धर्म, लिंग यांच्या यादीत 'जात' हा शब्द आला. एक शब्द, पण तो नव्हता तेव्हा आपल्याला आपलं दुखणं 'वंश' नाहीतर 'मूळ देश' या खात्यात कोंबावं लागायचं.

तक्रार शहराच्या नागरी हक्क कार्यालयात करायची. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. मात्र एक लक्षात ठेवा: तिथला तपासनीस तुमचा वकील नसतो. तो दोन्ही बाजू ऐकतो. कंपनीला नोटीस जाते, म्हणजे नाव लपवून हे होत नाही. तक्रार केली म्हणून सूड उगवला तर तो वेगळा कायदाभंग धरला जातो.

व्हिसाबद्दल: तुमचा इमिग्रेशन दर्जा विचारायला शहराच्या कर्मचाऱ्यांना २००३ पासून मनाई आहे. पण नोकरीच गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तो धोका खरा आहे. म्हणून आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. फार थांबू मात्र नका, तक्रारीला मुदत असते.

पूर्वकिनारा
ऑफिस नक्की कुठे आहे? मी विचारतोय कारण आमचं रेडमंडला. लेक वॉशिंग्टन या तळ्यावरचा पूल ओलांडला की सिएटलची हद्द संपते, आणि हा कायदाही तिथेच संपतो. बेलव्ह्यूलाही तेच. आपली निम्मी मंडळी पलीकडे राहतात आणि समजतात की आपण सुरक्षित आहोत. कॅलिफोर्नियात तर अख्ख्या राज्यासाठी विधेयक मंजूर झालं होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. आमच्यासाठी कोणी काही करेल का, कोण जाणे.

तळ्याकाठची
ऑफिस साउथ लेक युनियनला, म्हणजे हद्दीतच. घर मात्र बेलव्ह्यूला, आणि तो कॉल घरून होता.

जुनी_सिएटलकर
मग ते तपासनिसाला पहिल्याच मुलाखतीत सांगा, कोणत्या दिवशी कुठून काम केलंत ते. निमंत्रणं बंद होण्याआधीचं आणि नंतरचं कॅलेंडर काढून ठेवा. ते मराठी वाक्य मराठीतच लिहा, जसंच्या तसं, तारखेसकट. टेबलावर आणखी कोण होतं?

तळ्याकाठची
एक तेलुगू मुलगी. तिला शब्द कळले नाहीत, पण तिने नंतर विचारलं होतं, "तो असं काय बोलला की तू उठलीस?" तिला उद्या भेटते.