ई-चलान, इन्शुरन्सचे कागद आणि नाक्यावरचे किस्से : तुमचा अनुभव लिहा

गाडी बाजूला घ्यायला लावली की पहिला प्रश्न लायसन्सचा आणि दुसरा हमखास इन्शुरन्सचा. तो दाखवताना कोणाला काय काय झालं ते इथे लिहूया. एकच विनंती, "शंभरात मिटवलं" छापाचे किस्से नकोत, ते प्रत्येकाकडे आहेत. कुठे अडलं आणि कसं सुटलं ते सांगा. सुरुवात मी करते.

आमची कार घेताना थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) एकदम तीन वर्षांचा आणि ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानाचा) एकच वर्षाचा होता (सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन आणि टूव्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा झाला ना, तेच). नाक्यावर हवालदारांनी मोबाइलवर पॉलिसी बघितली, वरतीच ओन डॅमेजची संपलेली तारीख दिसली, म्हणाले मॅडम इन्शुरन्स एक्सपायर, दोन हजार. मी म्हटलं साहेब जरा खाली सरकवा, दोन रकाने आहेत, त्यातला दुसरा वाचा, कायद्याला थर्ड पार्टी लागतो आणि तो चालू आहे. ते काही ऐकेनात. शेवटी त्यांचे साहेब आले, दोन बोटांनी पान मोठं केलं, तारीख पुटपुटत वाचली आणि "जाऊ दे रे" एवढंच म्हणाले. आता त्या रकान्याचा स्क्रीनशॉट वेगळा काढून ठेवलाय.

----

ताई, स्क्रीनशॉटवर फार विसंबू नका. आमच्याकडे एका हवालदाराने सरळ सांगितलं, फोटो चालणार नाही, ॲपमध्ये उघडून दाखवा. आणि तेवढं त्याचं बरोबरच होतं, डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन या सरकारी ॲपमधला कागद ओरिजिनलसारखा धरतात, गॅलरीतल्या फोटोला तो मान नाही. झेरॉक्सचंही तेच. नेट गेलं तर बोंब होते म्हणून पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवायची.

----

माझी केस वेगळी. पॉलिसी मुदतीत रिन्यू केली, पीडीएफ आली, पैसे कटले, सगळं झालं, पण एमपरिवाहनवर जुनीच तारीख. पोलिसांच्या मशीनवरही तेच दिसणार, मग माझ्या हातातल्या कागदावर विश्वास कोण ठेवणार? त्या दिवशीच्या साहेबांनी मात्र डोकं लावलं, पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, नाव नंबर जुळला, सोडलं. घरी येऊन आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि पॉलिसी शेजारी ठेवून बघितलं तर चासी नंबरात कंपनीवाल्यांनी आठाच्या जागी तीन टाकलेला! कस्टमर केअरला फोनवर फोन, मग आरसीचा फोटो मेल केला, दुरुस्तीचं पत्र (एंडोर्समेंट म्हणतात) आलं आणि काही दिवसांनी ॲपवर तारीख बदलली. पॉलिसी आली की आधी चासी आणि इंजिन नंबर ताडून बघा, नावाचं स्पेलिंग नंतर.

----

बाबांची स्कूटर एजंटमार्फत विकली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या दिल्या, एजंट म्हणाला ट्रान्सफर होऊन जाईल काका. तो काही झाला नाही. स्कूटर कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात फिरतेय, सिग्नल तोडतेय, विनाहेल्मेट जातेय आणि मेसेज आमच्या बाबांना. मग लोक अदालतीची नोटीसही आली. दंड एकवेळ भरू हो, पण इन्शुरन्स संपलेला असताना तिने कोणाला ठोकलं तर? आरटीओच्या रेकॉर्डला नाव ज्याचं, भरपाईच्या दाव्यात तोच मालक, सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हेच सांगितलंय. बाबांना झोप नाही. शेवटी घेणाऱ्याला शोधून काढला, समोर बसवून नाव बदलायला लावलं. जुनी चलानं कोणी भरायची यावर तो अजून वाद घालतोय.

----

मला आलेल्या चलानच्या फोटोत माझाच नंबर पण गाडी लाल बुलेट. माझ्याकडे काळी ॲक्टिव्हा आहे. महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रारीचा पर्याय आहे तिथे आरसी आणि गाडीचे फोटो टाकले, चलान रद्द झालं. पैसे आधी भरून मोकळे होऊ नका, भरले म्हणजे कबूल केलं असंच धरतात.

----

आणि व्हॉट्सअपवर "तुमचं चलान बाकी आहे, ही फाइल उघडा" असं आलं तर ती एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी) अजिबात उघडायची नाही, त्यातून बँक खाती साफ होतात. शंका असेल तर सरकारी साइटवर स्वतः गाडीनंबर टाकून बघायचं. आमच्या काकांनाही तो मेसेज आलेला, केवढे घाबरले होते! त्यांच्या नावावर सायकलसुद्धा नाही.